मार्जरीच्या पुस्तकाचा शनिवार

आजपासून ओकची फळं पडायला लागली. शेजारच्या गाडीच्या टपावर एक टप्प, मग बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ तीन-चार. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, कुणी खडे मारतंय. आता हा आवाज आला की मी स्वेटरांची बॅग खाली काढायला सांगते आणि डाळ-तांदूळ धुऊन पंच्यावर पसरते. इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये, ऑक्टोबर आधी कानाला कळतो. डोळ्यांना कळायला अजून आठवडा लागतो. आमच्या मागच्या बाजूला मेपलची सहा झाडं आहेत. त्यातलं कोपऱ्यातलं एक आधी लाल होतं आणि बाकीची पाच त्याच्याकडे बघत थांबतात. मग एका रात्रीत सगळ्यांनी ठरवल्यासारखं होतं.

सकाळी दार उघडलं की थंड, कोरडा वास येतो. ओली माती नाही, पाचोळाच. त्यात कुणाच्या तरी घरच्या दालचिनीचा वास मिसळलेला. पिवळी बस कोपऱ्यावर येऊन थांबते, दार फस्सकन उघडतं, पोरं चढतात. नात अन्वी आता तेरा वर्षांची आहे, बसपर्यंत मी सोबत आलेलं तिला चालत नाही. मी खिडकीतूनच बघते. आणि दरवर्षी ही बस बघताना मला दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर आठवतो, मार्जरीच्या पुस्तकाचा.

मार्जरी म्हणजे आमच्या मागच्या घरातली बाई. सत्तरीची, उंच, पांढरे केस मानेवर कापलेले, पायात कायम पुरुषी बूट. हे गेल्यावर मुलाने, नितीनने, मला इकडे आणलं, तेव्हा पहिल्यांदा दिसलेली अमेरिकन बाई तीच. सकाळी नऊच्या सुमाराला ती मागच्या लाकडी ओट्यावर येरझाऱ्या घालायची आणि एकटीच बोलायची. नुसतं पुटपुटणं नाही. मध्येच आवाज बारीक करायची, मध्येच पुरुषासारखा जाड. एकदा तर स्वतःलाच रागावली आणि स्वतःच गप्प बसली.

मी सुनेला म्हटलं, "प्राजक्ता, त्या मागच्या बाईंना बरं नाहीये. घरात कुणी बघणारं आहे का त्यांना?"

प्राजक्ताने कानातला इयरफोन काढला. "आई, त्या ऑथर आहेत. कादंबऱ्या लिहितात."

"मग भांडतात कुणाशी?"

"कादंबरीतल्या लोकांशी भांडत असतील. माझ्या मीटिंगपेक्षा बरं आहे ते," असं म्हणून तिने इयरफोन परत घातला.

मला खरं वाटेना. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या पुस्तकात धड्याच्या खाली लेखकाचं नाव असायचं आणि त्यापुढे कंसात दोन सालं, जन्माचं आणि मरणाचं. लेखक म्हणजे असा कंसातला माणूस, एवढंच मला माहीत होतं. तो सकाळी कॉफीचा मग घेऊन ओट्यावर फिरतो, त्याला खोकला होतो, त्याच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण तुटलेलं असतं, हे काही धड्यात नव्हतं.

ओळख झाली ती भाजणीमुळे. घरात भाजणी भाजली की धुराचा अलार्म वाजतो, म्हणून नितीनने मला मागच्या अंगणात गॅसची छोटी शेगडी मांडून दिली आहे. त्या दिवशी मी चण्याची डाळ भाजत होते. मार्जरी कुंपणाशी आली, नाक वर करून उभी राहिली. मग फाटक उघडून सरळ आत आली आणि पायरीवर बसली. मला इंग्रजी येत नाही म्हटलं तरी चालेल, आणि परक्या माणसासमोर मराठीसुद्धा पटकन येत नाही. मी खाली मान घालून डाळ हलवत राहिले. ती धान्यांच्या वाट्यांकडे एकेक बोट दाखवत गेली. अन्वी तेव्हा शाळेतून आली होती, तिला मध्ये बसवलं.

"आजी, शी वॉन्ट्स टू नो, धने लास्टला का?"

मी चकलीची भाजणी चाळीस वर्षं करते आहे. लोकांनी मला प्रमाण विचारलं, किती वेळ ते विचारलं. का, असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, धने रागीट असतात, पटकन जळतात, म्हणून कढई शांत झाल्यावर घालायचे. अन्वीने काय सांगितलं देव जाणे, पण मार्जरी हसली आणि खिशातून पेन्सिल काढून तळहातावर काहीतरी लिहिलं.

त्यानंतर मी तिच्या घरी जायला लागले. शनिवारी दुपारी, अन्वीला घेऊन. तिच्या जेवणाच्या खोलीत टेबल होतं, पण त्यावर कुणी जेवत नसे. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तिने दोरी बांधली होती आणि त्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी कागद लावलेले. पिवळे, रेघांचे, पेन्सिलीने लिहिलेले, कात्रीने कापून खालीवर चिकटवलेले. पंखा लावला की सगळे एकदम हलायचे. मी पहिल्यांदा वाकून दोरीखालून गेले तेव्हा मला आमच्या गच्चीवरच्या कुरडयांची आठवण झाली. त्यांनाही असंच सांभाळून ओलांडावं लागतं.

तिची रीत अशी होती की लिहिलेला कागद दोरीवर लावायचा आणि रोज त्याच्यापुढून जायचं. जाता जाता हात थांबला, काही खोडावंसं वाटलं, तर तो अजून ओला. आठ दिवस त्याच्यापुढून हात न लावता जाता आलं, की वाळला. मग काढून डब्यात. एक कागद म्हणे चार महिने दोरीवर होता. मी त्या कागदाकडे जरा आदराने बघितलं.

तिचं आयुष्य मला असं तुकड्या-तुकड्यांनी कळलं, अन्वीच्या भोकं पडलेल्या मराठीतून. ओहायोच्या डोंगराळ भागातलं छोटं गाव. आई शाळेची बस चालवायची, वडील फारसे घरी नसायचे. मार्जरी शिकत असताना हॉटेलात ताटं उचलायची आणि ऑर्डर लिहायच्या चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला गोष्ट लिहायची. मालकाला वाटायचं, पोरगी फार मन लावून ऑर्डर घेते. एकदा गोष्टीची चिठ्ठी स्वयंपाकघरात गेली आणि आचाऱ्याने बाहेर येऊन विचारलं, "ही विधवा कुठल्या टेबलावर बसलीये?" हे सांगताना मार्जरी स्वतःच इतकी हसली की पुढचं अन्वीला भाषांतर करता येईना.

पहिलं पुस्तक आलं तेव्हा ती एकतिशीत होती. पेपरात फोटो आला, गावोगाव बोलावणी आली. दुसऱ्या पुस्तकावर सिनेमा निघाला. सिनेमा तिला आवडला नाही, पण त्यातून हे घर झालं, म्हणून ती त्याला फार नावं ठेवत नसे. तिसरं पुस्तक कुणी वाचलं नाही. त्याच वर्षी नवरा सोडून गेला. कॉलेजात वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची लिखाणं तपासली. चौथं आलं, पाचवं आलं, आली तशी गेली. मग प्रकाशकाकडच्या एका तरुण मुलाने फोन करून फार गोड आवाजात सांगितलं की आता तुमचं पुस्तक आम्हाला जमणार नाही. त्यानंतर अकरा वर्षं काही नाही. दोरीसुद्धा गुंडाळून ठेवली होती.

आई गेल्यावर गावचं घर आवरताना तिला आईची वही सापडली. बसच्या ड्रायव्हरची वही. कुठल्या थांब्यावर कोण चढतं, कुणाला सर्दी आहे, कुणाच्या घरी सध्या बोलाचाली चालल्या आहेत म्हणून त्याला पुढच्या सीटवर बसवायचं, कुणाचा वाढदिवस. त्या वहीवरून हे सहावं पुस्तक निघालं. बस चालवणाऱ्या बाईचं.

ती आम्हाला त्यातलं वाचून दाखवायची. मला शब्द कळत नसत. मी मेथी निवडत ऐकायची. पण आवाज कुठे खरा लागतो आणि कुठे उगीच चढतो, हे कळायला भाषा लागत नाही. कीर्तनातसुद्धा कळतं. एकदा अन्वीने सगळा भाग समजावून सांगितल्यावर मी विचारलं, "सकाळी पाचला निघते ती बाई, तर डब्यात काय नेते?"

अन्वी म्हणाली, "आजी, दॅट्स नॉट द पॉइंट. तिथे स्टॉर्म येतंय."

"येऊ दे. पण भूक लागलीच असेल ना."

अन्वीने नाइलाजाने विचारलं. मार्जरी उठली, दोरीवरचे वाळलेले तीन कागद काढले आणि आम्हाला तिथेच सोडून स्वयंपाकघरात जाऊन उभ्या-उभ्या लिहायला लागली. आम्ही दोघी दहा मिनिटं बसलो, मग मेथी घेऊन घरी आलो. मला वाटलं, रागावली. पुढच्या शनिवारी तिने सांगितलं, त्या डब्यात गाजराचे तुकडे होते, मीठ लावून कागदात बांधलेले. ते आठवायला तिला चाळीस वर्षं लागली होती.

तर त्या ऑक्टोबरात ते पुस्तक आलं. मोठ्या प्रकाशकाचं नव्हे, कुठल्या तरी लहानशा छापखान्याचं, पण सुबक. निळं कव्हर, कोपऱ्यात पिवळी बस. तिने एक प्रत माझ्या हातात दिली. मी ती डोक्याला लावली आणि देवापाशी ठेवली, कारण दुसऱ्या दिवशी दसरा होता. अन्वीची वही, नितीनचा लॅपटॉप आणि मार्जरीचं पुस्तक, अशी तिघांची पूजा झाली.

लायब्ररीत शनिवारी चार वाजता ती त्यातलं वाचणार होती. मला वाटलं, किती छान. पण ती दिवसेंदिवस वाळत चालली. कॉफी निवून जायची, सँडविच तसंच पडायचं. शेवटी तिने सांगितलं. मागच्या पुस्तकाच्या वेळी असंच वाचन ठेवलं होतं. दोन माणसं आली. एक तिथलीच कर्मचारी आणि दुसरा थंडी वाजते म्हणून आत आलेला, तो झोपला. तिने चाळीस मिनिटं त्या झोपलेल्या माणसाला वाचून दाखवलं.

मग ती अन्वीकडे न बघता माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. अन्वीचा चेहरा उतरला.

"आजी, ती म्हणते, या वेळी पण चेअर्स रिकाम्या असल्या तर दॅट्स इट. मग ती नाही लिहिणार. नेव्हर."

मी घरी आले आणि मला काही सुचेना. मी कुणाला काय सांगणार? मंडळाच्या कार्यक्रमाला गेले तरी मी स्वयंपाकघरात असते, नाहीतर शेवटच्या रांगेत कोटांपाशी. फोनसुद्धा मी आपणहून कुणाला करत नाही. पण दिवाळी तोंडावर होती, आणि हर्नडन-अ‍ॅशबर्नच्या निम्म्या मराठी घरांत भाजणी माझ्याकडून जाते. त्या आठवड्यात सगळ्या न्यायला येणार होत्या. मी अन्वीच्या जुन्या वहीचे कागद फाडून चिठ्ठ्या लिहिल्या. माझी शेजारीण मोठी लेखिका आहे, शनिवारी लायब्ररीत तिचं पुस्तक वाचणार आहे, घरच्यांना घेऊन जरूर यावे, तीन वाजता. प्रत्येक पिशवीत भाजणीवर एक चिठ्ठी.

अन्वीने एक चिठ्ठी अक्षर लावून लावून वाचली. "आजी, तू थ्री लिहिलंयस. इट्स ॲट फोर."

"माहीत आहे. आपली माणसं तीन म्हटलं की चारला येतात."

"आजी, दॅट्स सो मीन," ती म्हणाली, पण हसत होती.

शनिवारी मी पावणेतीनलाच जाऊन बसले, आधी जागा बघावी म्हणून. लायब्ररीच्या बाईंनी वीस खुर्च्या मांडल्या होत्या. मला त्या वीस फार वाटल्या. मी मागून पुढून मोजत होते, तेवढ्यात दार उघडलं आणि नागपूरची वैशाली आत आली. नवरा, दोन मुलं, सासूबाई. तिच्यामागे आणखी दोन कुटुंबं. तीनला पाच मिनिटं कमी असताना खोली भरली. साड्या, कुर्ते, कारण तिथून सगळ्यांना कुणाकडे तरी फराळाला जायचं होतं. लायब्ररीच्या बाई धावत जाऊन आणखी खुर्च्या घेऊन आल्या, त्या संपल्यावर लहान मुलांच्या खोलीतल्या लाल-पिवळ्या बुटक्या खुर्च्या आणल्या. जोशीकाका, म्हणजे मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले, तसल्या पिवळ्या खुर्चीवर गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसले.

तीन वाजून दहा मिनिटं झाली.

वैशाली म्हणाली, "काकू, तुमची लेखिका कुठाय? तीन म्हणाल्या ना तुम्ही?"

खोटं बोलायला मला वेळ मिळाला नाही. "चारला आहे," मी म्हटलं. "मी मुद्दाम तीन लिहिलं. मला वाटलं, तुम्ही उशिरा याल."

वैशालीच हसत सुटली. "घ्या. अहो काकू, वीस वर्षं झाली इथे. मी आता दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा दहा मिनिटं आधी जाऊन बसते."

तिचा नवरा म्हणाला, "फक्त स्वतःच्या माहेरी उशिरा पोचते."

सगळे हसले, पण हसणं ओसरलं तशी चुळबुळ सुरू झाली. मुलं खाली उतरली. मागच्या रांगेतला एक जण उठला, "तोवर दुकानात एक चक्कर टाकून येऊ यार," म्हणून किल्ली शोधायला लागला. त्याच्याबरोबर दोघं उठले. मला कळत होतं, ही माणसं एकदा गाडीत बसली की परत येत नाहीत. खुर्च्या परत रिकाम्या दिसायला लागल्या.

मी उभी राहिले. का, कशी, मला सांगता येणार नाही. पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती एवढं आठवतं. म्हटलं, "बसा. ती येईपर्यंत मी सांगते ती कोण आहे ते."

किल्ली शोधणारा बसला. माझ्या तोंडून पहिली दोन वाक्यं कशीबशी आली, माझी मलाच ऐकू आली नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, जरा मोठ्याने." मग मी त्यांना ऑर्डरच्या चिठ्ठीवरची विधवा सांगितली आणि खोली एकदम हसली. त्या हसण्याने माझे हात सुटले. त्यापुढे मला थांबावंच लागलं नाही. बस चालवणारी आई, ताटं उचलणारी मुलगी, पेपरातला फोटो, सिनेमातून झालेलं घर, कुणी न वाचलेलं तिसरं पुस्तक, गोड आवाजातला तो फोन, दोरी, वही, गाजराचे तुकडे. मी तिचं पडलेलं काही झाकलं नाही. ते झाकलं असतं तर उरलेलं कुणाला खरं वाटलं नसतं. आयुष्यात मी एवढं सलग बोलले नव्हते, कुणाकडे लग्नाची बोलणी चालू असतानासुद्धा नाही.

आज भाजणी हलवताना ती दुपार आठवली की माझं मलाच हसू येतं. एवढी माणसं वेळेवर आली, ही माझी केवढी पंचाईत झाली होती.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, सगळे माझ्या मागे बघताहेत. मी वळले. दारात मार्जरी उभी होती. इस्त्रीचा निळा शर्ट, हातात पुस्तक, तोंड किंचित उघडं. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिला एक शब्द कळत नव्हता, फक्त मधून मधून स्वतःचं नाव ऐकू येत होतं. ती खुर्च्या बघत होती. भरलेल्या, भिंतीला टेकून उभे असलेले, खाली मांडी घातलेले लोक. मग तिने हळूच बूट पायपुसणीवर पुसले, कुणाच्या घरात शिरावं तसे.

तिने वाचलं. अर्ध्या तासात कुणी उठलं नाही. जिथे हसायचं तिथे हसले, आणि गाजराच्या तुकड्यांचा भाग आला तेव्हा चार-पाच माना माझ्याकडे वळल्या. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले.

वाचून झाल्यावर लायब्ररीच्या बाईंनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? आपले लोक अशा वेळी एकदम गप्प होतात. शेवटी जोशीकाका त्या पिवळ्या खुर्चीवरून दोघांच्या आधाराने उठले. "मॅडम, व्हेन इज युवर नेक्स्ट बुक?"

या प्रश्नाचं वजन त्या खोलीत फक्त मला आणि अन्वीला माहीत होतं. मार्जरीने पुस्तक मिटलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या भिंतीपर्यंत एकेक चेहरा बघत गेली, मग माझ्यापाशी थांबली आणि काहीतरी बोलली. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मी अन्वीकडे बघितलं. तिचे डोळे मोठे झाले होते.

"आजी, ती म्हणते, फर्स्ट लाइन तिला आत्ताच मिळालीये. ती दारात आली तेव्हा तू जे बोलत होतीस ना, ते. पण ते मराठीत होतं, सो आधी तुला विचारायला लागेल, त्याचं मीनिंग काय."

मला तर काहीच आठवेना. मी काय काय बोलले होते, कुठल्या वाक्याला ती आली, कुणास ठाऊक. वैशाली मागून म्हणाली, "मला आठवतंय काकू. तुम्ही म्हणत होता, माझ्या चार यत्ता आणि तिची सहा पुस्तकं, पण घाबरायला आम्हा दोघींना सारखंच येतं."

अन्वीने ते इंग्रजीत सांगितलं. दोनदा अडकली, मग बरोबर सांगितलं असावं, कारण मार्जरीने जोशीकाकांकडून पेन मागून घेतलं आणि स्वतःच्याच नव्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या कागदावर, तिथेच उभ्या-उभ्या, लिहायला लागली.